किशोर कादंबरीत आपल्या घराबाहेरचं पात्र लिहायचंय? आधी काय, मग काय

कोल्हापुरातली शाळा, नववीचा वर्ग, चार दोस्त आणि एक रहस्य. अशी हस्तलिखितं माझ्याकडं वाचायला बऱ्यापैकी येतात आणि बहुतेकांत घोळ एकच असतो. सगळी गोष्ट आधी आपल्या गल्लीतल्या, आपल्यासारख्याच पोरांची लिहून होते, मग कोणतरी सांगतं की अरे जरा डायव्हर्सिटी पाहिजे, की लगेच चौघातल्या एकाचं नाव बदलून सलीम, दुसऱ्याच्या पायाला कॅलिपर, आणि ऊसतोडीवाल्यांची एक पोरगी मधल्या धड्यात येऊन रडून जाते. झालं रिप्रेझेंटेशन! वाचणारं पोर चौदा वर्षांचं असलं तरी खुळं नसतं, हे पात्र मागनं आणून बसवलंय हे त्याला दोन पानांत कळतं.

म्हणून खालचा क्रम पाळा. लोक साधारण पाचव्या पायरीपासून सुरू करतात, म्हणजे नावं, जेवण आणि सण, आणि पहिल्या दोन पायऱ्या करतच नाहीत. तिथंच सगळं बिघडतं.

## पायरी १: वर्गाचा हजेरीपट काढा

एक पान लिहायच्या आधी हे करायचं. तुमची गोष्ट नक्की कुठं घडते? ‘कोल्हापूर’ एवढं पुरत नाही. राजारामपुरीतल्या इंग्लिश मीडियमचा वर्ग वेगळा, शिवाजी पेठेतला वेगळा, शिरोली एमआयडीसीजवळच्या शाळेतला अजून वेगळा, कारण तिथं यूपी-बिहारहून कामाला आलेल्यांची पोरं मराठीतनं शिकत असतात. शिरोळ तालुक्यातलं हायस्कूल घेतलं तर जैन, लिंगायत, मराठा, मुस्लिम, बौद्ध सगळी शेजारी शेजारी, आणि कित्येकांच्या घरी कन्नड. इचलकरंजीत बाप यंत्रमागावर रात्रपाळीला असतो, हुपरीत घरातच चांदीचं काम चालतं.

वहीत तीस-चाळीस पोरांची यादी करा. प्रत्येकापुढं तीनच गोष्टी: राहतं कुठं, घरात कोण काय काम करतं, घरी कुठली भाषा. जात-धर्म वेगळा लिहायची गरज सहसा पडत नाही, या तीन गोष्टींतनं तुम्हालाच कळतं की आपण कुणाला धरलंय आणि कोण आपल्याला आठवलंच नाही.

इशारा: यादीतल्या सगळ्यांना कादंबरीत कोंबायचं नाही. सर्वधर्मसमभावाचं पोस्टर होतं मग. यादीतनं गोष्टीला खरोखर लागणारी चार-पाच निवडा, बाकीची वर्गात बसू देत, हजेरीला ‘हजर’ म्हणू देत.

तपासा: यादी करताना कुठल्या मुलांपुढं तुम्हाला काहीच लिहिता आलं नाही? तिथं खूण करा. पायरी ३ त्यांच्यासाठी आहे.

## पायरी २: त्याला स्वतःला काय हवंय ते ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. बाकीच्या पायऱ्या इथनंच निघतात.

प्रत्येक मुख्य पात्राबद्दल एक वाक्य लिहा: याला काय हवंय, आणि ते मिळवायला ते काय करतं. आता ‘वेगळ्या’ पात्राचं वाक्य बघा. त्यात नायकाचं नाव येत असेल, म्हणजे ‘मृण्मयीला मैत्रीचा अर्थ शिकवते’ असलं काहीतरी, तर ते पात्र अजून जन्मलेलं नाही, नुसतं नायिकेच्या कामाला ठेवलेलं आहे.

उदाहरण घेऊ. कारखान्याजवळचं गाव, मृण्मयी ही शाळेतली नायिका, चोरीला गेलेल्या ट्रॅक्टरचा शोध लावतेय. बीडकडनं ऊसतोडीला आलेल्या टोळीत रेणू आहे, वय चौदा. पहिल्या ड्राफ्टात नेहमी असं येतं:

*मैदानाच्या कडेला फाटक्या फ्रॉकमधली रेणू उभी होती. तिच्या मोठमोठ्या डोळ्यांत शिकण्याची भूक होती. मृण्मयीला गलबलून आलं. तिनं दप्तरातली नवी कोरी वही काढून रेणूच्या हातात ठेवली.*

रेणू काय करते इथं? उभी राहते. बस्स. आता रेणूला काहीतरी हवं असू दे. तिच्या आईबापानं टोळी आणणाऱ्या मुकादमाकडनं उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेत, ती फिटली नाही तर पुढच्या हंगामालाही यावं लागणार, आणि रेणूला पुढच्या वर्षी यायचं नाहीये. म्हणून ती खेपांचा हिशेब ठेवते. तोच प्रसंग परत लिहू:

*‘चौदा न्हाईत, सोळा खेपा झाल्या,’ रेणू म्हणाली. मुकादमानं मान वर केलीच नाही. तिनं वही उघडून त्याच्या पुढ्यात धरली. तारीख, गाडीचा नंबर, काट्याची पावती कुणाच्या हातात दिली त्याचं नाव. मागं उभ्या मृण्मयीचं लक्ष तिसऱ्या ओळीवर गेलं. ती आठवडाभर जो नंबर शोधत होती तो तिथं होता.*

*‘वही दे ना जरा.’*

*‘देते की. आधी माझ्या आईच्या पावत्या हापिसातनं काढून आण.’*

वही दोन्हीकडं आहे. पण दुसऱ्या वेळी वही रेणूची आहे आणि तिची किंमत पण तीच ठरवते. गरिबी गेली नाही, अडचण तेवढीच आहे, फक्त आता गोष्ट तिच्यावाचून पुढं सरकत नाही.

तपासा: ते पात्र काढून टाका आणि कथानक सांगून बघा. काही अडलं नाही? मग लिहायला बसू नका, परत या पायरीच्या सुरुवातीला या.

इशारा: याची उलटी चूक पण लोक करतात. आपल्या हातनं अन्याय होईल म्हणून घाबरून पात्राला देव करतात, रेणू कधी खोटं बोलत नाही, सलीम कधी चिडत नाही, अंध मुलाला मनातलं सगळं कळतं. किशोर वाचकाला असल्या पोरांचा कंटाळा येतो. रेणूला एखादी खेप वाढवून लिहू द्या की.

## पायरी ३: आधी कागद, मग माणसं

थेट जाऊन लोकांना ‘तुमचं दुःख सांगा’ म्हणायचं नाही. जे वाचून कळण्यासारखं आहे ते आधी वाचा, त्यांचा वेळ त्यावर घालवू नका.

सगळ्यात आधी पात्राचं वर्षाचं कॅलेंडर करा. ऊसतोडीचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलच्या सुमाराला कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं की टोळ्या गावाकडं निघतात. म्हणजे रेणू तुमच्या गणपतीच्या मिरवणुकीत असू शकत नाही. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुराची गोष्ट लिहित असाल तर त्यात ती नाहीच. असल्या चुका मी छापील पुस्तकांत बघितल्यात. मग रोजचे शब्द: जोडप्याला ‘एक कोयता’ धरतात, राहतात खोपीत, उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा चारा) विकून वरचा खर्च भागतो, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, आणि लहान भावंडाला कोण सांभाळतं याचं उत्तर बहुतेक वेळा रेणूच्याच वयाची पोरगी हे असतं.

अपंगत्व असलेलं पात्र असेल तर ‘नक्की काय’ हे आधी ठरवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, आणि कादंबऱ्यांत फिरून फिरून व्हीलचेअर आणि काळा चष्मा एवढंच येतं. ठरलं की त्या मुलाचा एक साधा मंगळवार लिहा, उठल्यापासून झोपेपर्यंत. ऐकू न येणाऱ्या मुलीला सर फळ्याकडं तोंड करून बोलायला लागले की ओठ दिसत नाहीत, मग ती काय करते? ओठ वाचून सगळंच कळतं हा सिनेमावाल्यांचा समज आहे, अर्धं अंदाजानंच लावावं लागतं. दृष्टिहीन मुलगा मोबाईल टॉकबॅकवर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय) वापरतो, फोन भराभर बोलतो, मग वर्गातला ग्रुप मेसेज चारचौघात ऐकायचा की एका कानात हेडफोन घालून? या एका प्रश्नातनं अख्खा सीन निघतो. पन्हाळ्याच्या सहलीला बसमध्ये चढायचं कसं, टॉयलेटला जायचं कसं, हे ‘त्याची जिद्द’ यापेक्षा शंभरपट कामाचं आहे.

मग माणसं. शक्यतो मोठ्यांशी बोला आणि त्यांना त्यांच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षाबद्दल विचारा. अल्पवयीन मुलांशी बोलणार असाल तर आईबाप किंवा पालकांची परवानगी, आणि त्यांच्यापैकी कोणतरी शेजारी बसलेलं पाहिजे. रेकॉर्ड करायच्या आधी विचारा. नाव, गाव, भावंडांची संख्या, बापाचा धंदा सगळं बदला, नुसतं नाव बदलून भागत नाही, गावात लगेच ओळखतात. कुणाचा दिवसाचा खाडा होणार असेल तर त्याचे पैसे द्या, हे ऑप्शनल नाही.

विचारायचे प्रश्न: ‘तुला कशाचा राग यायचा?’, ‘घरच्यांपासनं काय लपवायचास?’, ‘हसू कशाला यायचं?’ असले विचारा. ‘तुम्हाला काय त्रास झाला?’ हा पहिला प्रश्न असेल तर तुम्हाला फक्त त्रासच मिळणार आणि तेवढंच कादंबरीत येणार.

## पायरी ४: भाषा, आणि त्यातली जात

आपल्याकडची सगळ्यात लपलेली चूक ही. मृण्मयी आणि तिचे दोस्त पुस्तकातली छान छान मराठी बोलतात आणि बोली फक्त रेणू, शिपाईमामा आणि भाजीवाली यांच्या तोंडात. अहो, कोल्हापुरात डॉक्टरांचं पोरगं पण ‘काय करायलाईस?’च म्हणतंय ना? मग द्या की त्याला पण. बोली फक्त गरिबाला दिली की ती बोली राहत नाही, पाटी होते. आणि रेणूची बोली मराठवाड्याची आहे, तिच्या तोंडी कोल्हापुरी घालू नका, दोघींचं बोलणं एकमेकींना जरा विचित्र वाटतं हे दाखवा, पोरं त्यावरनं एकमेकांना चिडवतात पण.

सलीमचं तेच. तो मुंबईच्या पिक्चरमधलं ‘अपुन’ बोलत नाही. इथला मुस्लिम मुलगा घरी दख्खनी बोलत असेल, तालमीच्या ग्राउंडवर फुटबॉल खेळताना इतरांसारखाच कोल्हापुरीत शिव्या घालतो. कन्नड बोलणाऱ्या घरातलं पोर आजीशी दोन वाक्यं कन्नडमध्ये बोललं तर बोलू द्या, प्रत्येक शब्दाचा अर्थ खाली देत बसू नका, प्रसंगातनं कळतं.

तपासा (हे खरंच करा): फाईल उघडा, सर्चमध्ये ‘पण’, ‘असून’, ‘असूनही’ टाका. ‘सावळी पण तरतरीत’, ‘गरीब पण प्रामाणिक’, ‘मुसलमान असून शिवजयंतीत पुढं’, ‘अपंग असूनही हुशार’. प्रत्येक ठिकाणी तुमच्या मनातला समज वाक्यात बसलेला सापडेल. दहा मिनिटांचं काम आहे, आणि भल्याभल्यांच्या हस्तलिखितांत पाच-सात तरी निघतात.

## पायरी ५: नाव, ताट, सण

आता या पायरीला या. लवकर उरकते.

आडनावावरनं आपल्याकडं लगेच जात ओळखतात, त्यामुळं खलनायकाला आणि चोराला काय आडनाव दिलंय ते एकदा नीट बघा. पूर्ण नाव ठरवल्यावर त्या गावात त्याच नावाचं खरं कोणी नाही ना हे पण बघून घ्या.

ताटात सगळ्यांच्या तांबडा-पांढरा नसतो. कडक पाळणाऱ्या जैन घरात सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, म्हणजे दोस्तांची रात्रीची भेळ पार्टी असेल तर ते पोर तिथं काय करतं याचा विचार करा (घरी न सांगता खातं? उत्तर तुम्ही द्या). आणि मटण दिसलं की मुस्लिम घर, हे कोल्हापुरात तरी कुणी लिहू नये.

सणाचं एवढंच सांगतो. ज्या पात्राची पहिली एन्ट्री ईदच्या शीरखुर्म्याला किंवा १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आहे, त्याला त्याआधी दोन साध्या प्रसंगांत आणा. युनिट टेस्टच्या दिवशी, सायकल पंक्चर झाल्यावर, कुठंही.

## पायरी ६: अपमानाचे आणि हिंसेचे प्रसंग

जातीवरनं, धर्मावरनं, शरीरावरनं चिडवणं शाळेत असतं, ते गाळून टाकलं तर पुस्तक खोटं होतं. लिहा, पण आधी तीन गोष्टी ठरवून: शिवी कुणाच्या तोंडी आहे, निवेदक त्या वेळी कुणाच्या बाजूला उभा आहे, आणि ज्याचा अपमान झाला तो पुढच्या पानावर काय करतो. तिसरं राहून जातं. अपमान होतो, नायक मध्ये पडतो, टाळ्या नायकाला, आणि ज्याला लागलं ते पोर सीनमधनं गायब. निदान त्याचा राग तरी त्याच्या नावावर राहू दे.

काही ठिकाणी कायदा पण आडवा येतो आणि लेखकांना माहीत नसतो. लैंगिक अत्याचाराचा प्रसंग असेल आणि शाळेतल्या बाई मुलीला ‘मी कुणालाच सांगणार नाही’ असं वचन देत असतील, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं असं कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. बाई वचन देऊ शकतात, माणसं देतात, पण लेखकाला माहीत पाहिजे की बाई इथं चुकतायत, आणि पुढं त्याचं काहीतरी झालं पाहिजे.

समलिंगी किंवा ट्रान्स पात्र असेल तर त्याचं गुपित फुटणं हा ‘ट्विस्ट’ म्हणून वापरू नका. छोट्या गावातल्या पोराला ती खरी भीती असते, आणि गोष्टीत ते फोडणारा दोस्त शेवटी गळ्यात पडून सुटतो, हे वाचून त्याला काय वाटेल?

इशारा: आत्महत्येचा उल्लेख असेल तर पद्धतीचं वर्णन नको. आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानावर टेलि-मानस (मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६ आणि चाइल्डलाइन (मुलांची हेल्पलाइन) १०९८ हे दोन नंबर छापा. प्रकाशक ‘जागा नाही’ म्हणाला तर अर्पणपत्रिका लहान करा.

## पायरी ७: वाचून घ्या, पण वेळेवर

सेन्सिटिव्हिटी रीडर म्हणजे त्या समाजातलं किंवा त्या परिस्थितीतनं गेलेलं माणूस, जे हस्तलिखित वाचून कुठं खोटं वाटतंय ते सांगतं. लोक हे प्रूफं आल्यावर करतात, तेव्हा फक्त स्पेलिंग बदलता येतं. दुसऱ्या ड्राफ्टनंतर द्यायचं, जेव्हा अख्खा धडा फेकायची अजून तयारी असते.

निदान दोघं घ्या आणि एकाच घरातले नकोत. एक माणूस अख्ख्या समाजाचा परवाना देऊ शकत नाही, ‘माझ्या मुस्लिम मित्रानं वाचलंय’ हे उत्तर होत नाही. तिसरं वाचक म्हणून एखादं तेरा ते सतरा वयाचं पोर घ्या, ते सगळ्यात आधी सांगतं की कुठं पुस्तक बंद करावंसं वाटलं. मोठ्या वाचकांना मानधन द्या, आधी ठरवून. चहा आणि ‘आभारात नाव घालतो’ यावर भागवू नका.

आणि नावाचं पण विचारून. इंग्रजीत २०१५ पासून ‘ओन व्हॉइसेस’ असा हॅशटॅग चालायचा, लेखक स्वतः त्याच समाजातला आहे हे सांगणारा. ‘वी नीड डायव्हर्स बुक्स’ या अमेरिकन संस्थेनं २०२१ मध्ये तो वापरणं थांबवलं, एक कारण असं की लेखकांवर आपली खासगी ओळख उघड करायचा दबाव येत होता. तेच तुमच्या वाचकाला लागू आहे. ज्यानं तुमचं ट्रान्स पात्र वाचून दिलं त्याचं नाव आभारात आलं तर त्याच्या घरी काय होईल, हे तुम्ही परस्पर ठरवायचं नाही.

‘कसं वाटलं?’ विचारलं तर ‘छान’ येतं. हे विचारा:

– कुठल्या पानावर ‘असं कोण बोलत नाही’ वाटलं?
– हे पात्र तुझ्या घरी आलं तर कुठं बसेल?
– कुठं त्याची कीव आली? ती यायला पाहिजे होती का?
– तू याच्या जागी असतास तर या धड्यात काय केलं असतंस?

अमेरिकन अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये मांडलं होतं की मुलाला पुस्तकात आरसा पण मिळाला पाहिजे आणि दुसऱ्याच्या घरात बघायला खिडकी पण. आपल्याकडची हस्तलिखितं बहुतेक नुसती खिडकी असतात, शहरातल्या वाचकानं खोपीत डोकावून बघायची. म्हणून शेवटचा प्रश्न स्वतःला: हेच पुस्तक रेणूच्या हातात पडलं तर ती शेवटपर्यंत वाचेल का?

फीडबॅक आला की वाद घालू नका, दोन दिवस गप्प बसा. मग दोन ढीग करा. तथ्याची चूक असेल तर मुकाट्यानं दुरुस्त करा. आवडीनिवडीचा मुद्दा असेल तर तुम्ही ठरवा, पण दोन वेगळ्या माणसांनी एकाच पानावर बोट ठेवलं असेल तर ते पान जाणार, कितीही लाडकं असलं तरी.

## पायरी ८: कव्हर, मागचा मजकूर, प्रूफं

पुस्तक आतनं बरोबर आणि कव्हरवर फसलेलं, हे होतं. २००९ मध्ये अमेरिकेत एका किशोर कादंबरीची नायिका कृष्णवर्णीय होती आणि कव्हरवर फोटो गोऱ्या मुलीचा. आरडाओरडा झाल्यावर प्रकाशकानं कव्हर बदललं. आपल्याकडं पण सावळ्या नायिकेचं चित्र हळूच उजळ होऊन येतंच की.

म्हणून चित्रकारानं पेन्सिल धरायच्या आधी त्याला एक पान लिहून द्या: कातडीचा रंग, केस, कपडे, वय. व्हीलचेअर असेल तर कुठली त्याचा फोटो, नाहीतर हॉस्पिटलमधली, मागनं कुणीतरी ढकलायची खुर्ची काढून येते आणि आतलं पोर मात्र स्वतः चाकं फिरवत असतं. बाकीचे दोस्त पुढं आणि सलीम मागं धूसर, असं स्केच आलं तर तिथंच परत पाठवा.

मागच्या कव्हरवर ‘वंचितांच्या वेदनेची हृदयस्पर्शी कहाणी’ छापू देऊ नका. ट्रॅक्टर चोरीची गोष्ट आहे ना? मग ट्रॅक्टर कुणी चोरला ते विचारा, पोरं त्यासाठीच पुस्तक उचलतात.

आणि छपाईला जायच्या आधीची पीडीएफ स्वतः ओळीनं ओळ वाचा, त्या दोन वाचकांनाही एकदा पाठवा. प्रूफवाले चांगल्या मनानं सगळ्यांची भाषा शुद्ध करून ठेवतात, रेणूचं ‘न्हाईत’ चं ‘नाहीत’ होतं आणि मृण्मयीचं ‘करायलाईस’ पण जातं. दोन्ही परत घाला, आणि समासात ‘असेच ठेवावे’ असं मोठ्या अक्षरात लिहा.